दूरचा कोपरा

सोमवार, ३ तारीख

नवं गाव, नवी नोकरी, नवी वही. आजपासून मी लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकणार आणि त्याचा पगार घेणार. दृष्टिभ्रमांच्या संग्रहालयात गाईड! नवरोबा फोनवर म्हणाले की घरी तू हे काम फुकट करतेस, तिथे निदान किंमत मिळेल. त्यांची बदली होईपर्यंत आम्ही दोघीच इथे, मी आणि ढब्बू.

ढब्बू सात वर्षांची आहे, पण अंगापिंडाने नऊची वाटते. नव्या शाळेत बाईंनी पहिल्याच दिवशी शेवटच्या बाकावर बसवलं. शाळा सुटली की ती संग्रहालयात येऊन तिकीट खिडकीपाशी गृहपाठ करणार, असं ठरलंय. तिकीटवाले काका सज्जन दिसतात. दिसतात म्हणते, कारण दिसतं तसं नसतं हे इथे भिंतीभिंतीवर लिहिलंय.

बाकी जागा झकास आहे. फिरणारा बोगदा, ज्यात उभं राहिलं की जमीन हलते असं वाटतं. टेबलावरच्या ताटात मुंडकं ठेवल्यासारखा फोटो निघतो ती खोली. आरशांची गल्ली. मी दिवसभर पोट धरून हसले.

बुधवार, ५ तारीख

आज मॅडमनी वाकडी खोली माझ्याकडे सोपवली. मॅडम म्हणजे आमच्या व्यवस्थापिका. चष्म्यावरून बघतात, त्यामुळे आपण काहीतरी चोरलंय असं उगाच वाटतं.

खोली समोरच्या छोट्या खिडकीतून चौकोनी दिसते, पण ती तशी नाही. जमीन उतरती, भिंती तिरप्या, आणि डावा कोपरा उजव्यापेक्षा पुष्कळ लांब. डाव्या कोपऱ्यात माणूस उभा राहिला की बाहुलीएवढा दिसतो, उजव्यात आला की डोकं छताला टेकतं. लोक नवऱ्याला डाव्या कोपऱ्यात उभं करतात आणि मग घरी जाईपर्यंत हसतात.

एक नियम मात्र मॅडमनी दोनदा बजावला. दूरच्या कोपऱ्यात गेलेल्या माणसाने परत येऊन जवळच्या कोपऱ्यात उभं राहायचं. गाईडने खिडकीतून त्याला नीट बघायचं आणि मोठ्याने ‘आलात’ म्हणायचं. मगच दार उघडायचं. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या की इथली पद्धत आहे. सफाईवाली बाईसुद्धा झाडून झालं की कोपऱ्यात उभी राहून वाट बघते. नाटकंच जास्त, असं मनात म्हटलं. पण पगार देणाऱ्याची नाटकं गोड मानावीत.

रविवार, ९ तारीख

ढब्बूने आठवडाभर डोकं खाल्लं होतं. शेवटी आज उघडायच्या आधी तिला वाकड्या खोलीत सोडलं. दूरच्या कोपऱ्यात माझी धिप्पाड लेक एवढीशी ठमाकाकू झाली! मी खिडकीतून फोटो काढत सुटले. तेवढ्यात खाली सहलीची बस आली, मॅडमनी हाक मारली, आणि मी धावत जाऊन दार उघडून तिला ओढतच बाहेर काढलं.

‘आलीस’ म्हणायचं राहिलं. संध्याकाळी मॅडमनी रोजच्यासारखं विचारलं, सगळे आले ना? मी हो म्हटलं. एवढ्याशा गोष्टीसाठी कोण बोलणी खाईल?

मंगळवार, ११ तारीख

जेवताना ढब्बूकडे बघत होते. लहान वाटली. ताटासमोर बसलेली मुलगी ताटापेक्षा फार मोठी नाही असं क्षणभर वाटलं. दिवसभर त्या खोलीत डोळे फोडले की दुसरं काय होणार! डोळ्यांवर पाणी मारून झोपले.

शुक्रवार, १४ तारीख

पुन्हा तसंच. राहवेना म्हणून शिवणाची टेप काढून तिची उंची मोजली. या गावी येताना होती तेवढीच भरली, केसभर कमी नाही. फ्रॉकही नीट बसतो. टेप म्हणते बरोबर, डोळे म्हणतात चूक. मी कोणाचं ऐकू?

आणखी एक. हाक मारली की ती उशिरा ‘ओ’ देते. आधी मला वाटलं लाडात आलीये. पण आज शाळेच्या फाटकाशी बाईंनी थांबवून तेच सांगितलं. हजेरी घेताना पुढची दोन नावं होऊन जातात, मग हिचा आवाज येतो. आणि फार हळू बोलते म्हणाल्या. माझी ढब्बू? जिचा आवाज तीन घरं पलीकडे जायचा?

सोमवार, १७ तारीख

डॉक्टरकडे नेलं. वजन ठीक, कान ठीक, उंची वयाच्या मानाने जास्तच. डॉक्टर माझ्याकडेच निरखून बघत होते. झोप लागते का, असं त्यांनी तिला नाही, मला विचारलं. नवरोबांना फोनवर तिचा चेहरा दाखवला, तर म्हणाले छान दिसतेय. फोनमध्ये सगळेच एवढेसे दिसतात, त्यांना काय कळणार.

मॅडमना आडून विचारलं की नव्या माणसांना डोळ्यांचा त्रास होतो का. त्या चटकन म्हणाल्या, होतो, चार दिवस रजा घ्या. इतक्या चटकन रजा कोण देतं? मला त्यांचा संशय येतोय.

काकांचाही येतोय. पूर्वी ढब्बूला गणितं समजावून सांगायचे. आता ती आली की पेपर असा धरतात की मध्ये भिंत व्हावी. कुणी काही सांगत नाही. सगळ्यांना ठाऊक आहे आणि फक्त मलाच—

मंगळवार, १८ तारीख

कळलं. सकाळी तिला दुधाचा पेला द्यायला हात पुढे केला. ती माझ्या शेजारीच बसली होती, गुडघ्याला गुडघा लागेल अशी. हात पोचला नाही. वाकावं लागलं, मग आणखी वाकावं लागलं. तेव्हा कुठे तिची बोटं लागली.

ती लहान होत नाहीये. वाकड्या खोलीत तरी माणूस कुठे लहान होतो? तो दूर असतो म्हणून तसा दिसतो. रोज शंभर लोकांना मी हेच समजावून सांगते.

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. माझी लेक माझ्या काखेत आहे आणि गावाबाहेर चाललीये.

गुरुवार, २० तारीख

शाळेत पाठवत नाही. मांडीवर घेऊन बसते. वजन मांडीला लागतं, पण चेहरा रस्त्यापलीकडच्या मुलीसारखा. डोळे कुठले, नाक कुठलं, नीट दिसत नाही. आई, कंटाळलीस का, असं तिने विचारलं. ओठ हलले. मग थांबले. मग आवाज आला.

काकांना गाठलं. पेपर हातातून काढून घेतला. तेव्हा बोलले. माझ्या आधीच्या गाईडबाईंनी नवऱ्याला असंच घाईत बाहेर काढलं होतं. तो घरीच आहे, असं बाई अजून सांगतात. जेवण वाढून ठेवतात, ताट रिकामं होतं. पण आता तो दिसत नाही, आणि त्याचं बोलणं येईपर्यंत बाईंना झोप लागते. मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलंत? म्हणाले, माझं पोट या खिडकीवर आहे, ताई.

मला त्यांचा गळा धरावासा वाटला. पण विसरले कोण? मी. हो म्हणाले कोण? मी.

शुक्रवार, २१ तारीख

उघडायच्या आधी तिला खोलीत नेलं. दूरच्या कोपऱ्यात उभी केली, मग जवळच्या कोपऱ्यात बोलावली. खिडकीतून म्हटलं, आलीस. पुन्हा म्हटलं. ओरडून म्हटलं. पण खिडकीतून ती मला तांदळाएवढी दिसत होती. न आलेल्या माणसाला आलीस म्हणून काय होणार. खोटं तर मी आधीही बोलले होते, तेव्हा कुठे उपयोग झाला?

कोणीतरी जाऊन आणायला हवं. कोणीतरी म्हणजे कोण, हे काय लिहायचं.

शनिवार, २२ तारीख

खोलीत आहोत. वही पिशवीत होती. पाय दुखले म्हणून बसलोय.

सकाळी काकांना या खोलीच्या छोट्या खिडकीपाशी उभं केलं. शपथ घातली, आम्ही दोघी नीट मोठ्या दिसल्याशिवाय ‘आलात’ म्हणायचं नाही. ढब्बूला दूरच्या कोपऱ्यात पाठवलं आणि मी मागून निघाले. एरवी मी ही खोली दहा पावलांत पार करते. आज चालत राहिले. चालत राहिले. ती तीळ होती, मग हरभरा, मग बाहुली, मग माझी मुलगी. नाक, डोळे, गालावरचा डाग, सगळं जागच्या जागी. मी तिला इतकं घट्ट धरलं की ती ओरडली, आणि ओरडणं लगेच ऐकू आलं. मी रडले. आनंदाने रडले.

मग परत फिरलो.

*

खिडकी बटणाएवढी आहे. मघाशीही तेवढीच होती. चालतोय.

*

बटणाएवढी नाही आता. मोहरीएवढी. काका असतील का? पुसटसा आवाज आला. ‘आलात’ म्हणाले. का म्हणाले? आम्ही तर अजून— मॅडम आल्या असतील. बस आली असेल. घाई असेल—

*

दिवे गेले. खिडकीकडची बाजू काळी झाली. इथे थोडा उजेड आहे, कुठून ते कळत नाही.

हरकत नाही. ढब्बू जवळ आहे. हात हातात आहे, ऊबदार आहे. पूर्ण मोठा आहे. दोघी असलो की झालं, बाकी—

तिला विचारलं, घाबरलीस का ग?

हात हातातच आहे. माझ्याकडेच बघतेय. ओठ हलले.

वाट बघतेय.

अजून—