हवेची खोली

पोर्ट आल्डर, न्यू जर्सी
४ मे १९५८

ती. वेंडेलदादास,
लोरेनाचा सा. न. वि. वि.

टॉफी पाठवलीय. वहिनीपासून लपवून एकटाच खाऊ नकोस.

दादा, बाबांना ऐकू येत नाही रे! सभागृहातला एवढा थोरला, हवेवर वाजणाऱ्या नळ्यांचा ऑर्गन जन्मभर सांभाळला त्यांनी, आणि परवा मी चुकून भलतीच पट्टी दाबली तरी ऑर्गनमागून ओरडले, की सूर अगदी छान लागलाय. ओठ बघून बोलतात, म्हणून इतके दिवस कळलं नाही.

मोठ्या नळ्यांखालच्या हवेच्या खोलीत ते दुरुस्तीला शिरतात आणि तिथे हवा भरणाऱ्या पंख्याचं बटण माझ्या हाती. हाक मारून मगच बटण दाबायचं, हा त्यांचाच नियम. पण ती हाक आता ऐकणार कोण? एकदा हवा भरली की ते दार दोन गड्यांनाही ढकलता येत नाही, आणि आतला माणूस त्या दाबात सापडतो. माझी झोपच उडालीय. व्यवस्थापकांना सांगितलं तर ते किल्ल्या काढून घेतील, आणि बाबा घरी झुरतील.

चिडलास तरी लोभ असू दे.
तुझी लोरेना


टोलेडो, ८ मे

चि. लोरेनास अ. आ.

झुरतील म्हणे! झुरू देत, जिवंत तर राहतील. आजच्या आज सांगून टाक. लहानपणी तो खालचा सूर घुमला की माझ्या कोटात तोंड खुपसायचीस, निदान तेवढी तरी घाबर. मला इतक्यात रजा नाही. टॉफी वहिनीनेच संपवली.

जपून राहा.
वेंडेल


पोर्ट आल्डर, १३ मे

ती. दादास सा. न.

नाही सांगितलं रे. आत जाताना बटणावर टोपी अडकवायची, एवढं बाबांकडून कबूल करून घेतलं. काल टोपी नव्हती. कॉफी प्यायला गेले असतील असं समजून मी पंखा लावला आणि सगळ्यात खालचा सूर धरून ठेवला. खुर्च्या थरथरायला लागल्या. सहज मागे बघितलं, तर त्या दाराशी बाबांचा कोट पडलेला.

पंखा बंद केला, तरी हवा ओसरेना. मी वेड्यासारखी दारावर मुठी आपटत होते.

दार उघडलं तेव्हा बाबा भिंतीला टेकून बसले होते. नाकातून रक्त, डोळ्यांत पाणी, आणि चक्क हसत होते! म्हणाले, टोपी मुद्दामच अडकवली नाही पोरी, अडकवली असती तर तू बटण दाबलं नसतंस. इथे बसलं की सूर हाडांत शिरतो. किती दिवसांनी ऐकला गं!

रविवारी त्यांना पुन्हा आत बसायचंय, आणि मी अख्खं गाणं वाजवायचं. मी रडले, तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी माझा हात काही सोडला नाही.

रजा मिळो न मिळो, रविवारच्या आत ये. आता मला माझीच भीती वाटते. ते पुन्हा मागतील, आणि मी हो म्हणेन.

तुझी लोरेना