नकाशावरची आत्या

सोमवार, ४ मार्च
नोकरी लागली! बससेवेचा वेब-नकाशा करायचाय. माझं काम गोड आहे: थांब्यांवरच्या त्याच त्या निळ्या टाचण्या काढून आपण रेखाटलेले आयकॉन बसवायचे. राहायला आत्याकडे. तिने डबा इतका ठासून भरला की दुपारभर संगणकासमोर पेंगत होते.

बुधवार, ६ मार्च
चित्रासाठी आत्यालाच उभं केलं. खांदा वाकलेला, हातात पिशवी. म्हणाली, अगं मेले, आता मला चौकाचौकात उभी करतेस होय! आयकॉनचा कुठला बिंदू जागेवर टेकणार ते कोडमध्ये सांगावं लागतं, नाहीतर नकाशा लहान-मोठा करताना चित्र सरकतं. मी तिचे पाय टेकवले. शहरभर आत्याच आत्या! साहेब खूश.

सोमवार, ११ मार्च
एक आत्या जास्तीची आहे. नदीपलीकडे, जिथे थांबाच नाही. शेजारच्या टेबलावरचे काका म्हणाले, ब्राउझरमध्ये जुनं काहीतरी साठलं असेल, साफ कर. केलं. ती आहेच. फक्त आता नदीच्या अलीकडे.

बुधवार, १३ मार्च
आज तिच्यावर झूम केलं. आयकॉन कितीही जवळून पाहिला तरी तेवढाच राहतो, कोडच तसं आहे. ही मोठी होत गेली. खरोखर तिथे उभी असल्यासारखी. मी चेहरा काढलाच नव्हता. हिला आहे.

गुरुवार, १४ मार्च
आयकॉनचं सगळं कोड उडवलं. थांबे मोकळे झाले. एक उरली, बाजारात. काकांना दाखवलं. ते पांढरेफटक पडले. म्हणाले, पोरी, घरी जा, आत्याला एकटी सोडू नकोस.

शुक्रवार, १५ मार्च
कामावर गेले नाही. सकाळी फोनवर पाहिलं — आमची गल्ली. तोंड आमच्या दाराकडे.
खिडकीतून डोकावले, बाहेर कोणी नाही. वळून आत्याला म्हटलं, बाहेर पडू नकोस. तिने मान वर केली नाही. भाजी चिरत बसलीय. समोरच.

दुपार
दारावर थाप. बाहेरून आत्याची हाक — “अगं उघड ना! किल्ली आतच राहिली. सकाळपासून बाजारात ताटकळले, फोनही उचलत नाहीस!”
समोरचीने चिरणं थांबवलंय. मान खालीच.
फोनवर बघितलं: आवाज बंद होता, तिचे कॉल आलेले. नकाशा उघडला. गल्ली रिकामी. ती घरात —
लिहीत राहते. हात थांबला तर तिला कळेल, मला कळलंय —
सुरी ठेवली. उठली. बाहेर आत्या रडतेय, दार बडवतेय, आणि ही आता मान वर —