साडीच्या दुकानात दिवे मालवण्याची परीक्षा

नांदेड

तीर्थस्वरूप कस्तुराबाई आत्यास,
पुनमचा वाकून नमस्कार. नवी कवळी बसली का? शेंगा फोडून खाता येतात, की अजून वाटीत काढून ठेवतेस? मी खुशाल आहे (मेसचं वरण सोडलं तर). फोनच केला असता, पण तू स्पीकर लावतेस आणि माझं बोलणं गल्लीतल्या शेळ्यांनाही कळतं. म्हणून पत्र.

बापूंनी, म्हणजे तुझ्या लाडक्या भावाने, व्यंकटने, रेणापूरभर सांगितलंय की पोरगी लाईट घालवायचं शिकायलीय. त्यावर लोक म्हणतात, ते तर आपल्याकडं न शिकताच जमतं! तसं नाही गं. आता मोठ्या दुकानांत, हापिसांत नियम आलाय, की खोलीत माणूस नसला तर दिवे आपोआप बंद व्हावेत. त्यासाठी छताला सेन्सर बसवतात, म्हणजे माणसाची हालचाल ओळखणारा डोळाच समज. तो नीट काम करतो का हे तपासायला प्रमाणपत्र असलेला माणूस लागतो. (बाईही चालते. मी विचारून घेतलं.) बापूंची अट तुला ठाऊकच आहे. पास झाले तर नांदेडची नोकरी, नापास झाले तर रेणापूरला परत आणि पोहे घेऊन पाहुण्यांसमोर.

तर गेल्या आठवड्यात लातूरला मलप्पा शेटच्या नव्या साडीच्या दुकानात माझी प्रात्यक्षिक परीक्षा झाली. परीक्षक आलोक सर. बोलणं कमी, लिहिणं जास्त, आणि काय लिहितात ते हाताने झाकून. मी सगळ्यांना बाहेर काढलं. शेट, विक्रेत्या, गिऱ्हाइकं, सगळे भर उन्हात रस्त्यावर. तेवढ्यात कुणीतरी धाड पडली अशी आवई उठवली आणि शेटच्या व्याह्यांचे निजामाबादहून फोन सुरू झाले. आम्ही काचेबाहेर उभे. पुढचे दिवे गेले, मधले गेले, पण मागच्या दालनातले काही जाईनात. मी सेन्सरची वेळ (माणूस गेल्यावर किती मिनिटांनी दिवे जावेत ती) पुन्हा लावली, पुन्हा बाहेर आले, तरी जाईनात. शेवटी मी ठणकावून सांगितलं, "सर, मागचा सेन्सर खराब आहे." शेट कपाळाला हात लावून खालीच बसले. सर म्हणाले, "मग लिहा तसं, आणि सही करा."

पेन हातात घेतलं आणि आत्या, हात काही पुढे जाईना. म्हटलं, एकदा आत जाऊन बघते. जाऊन बघते तर पैठण्यांच्या ढिगामागे एक बाई मांडी घालून पदरानं वारा घेत बसलेली! उदगीरच्या कमलम्मा. लेकीच्या लग्नाची साडी मांडीवर घट्ट धरून.

मी म्हटलं, "मावशी, सगळे बाहेर गेले, तुम्ही का नाही?"

"इल्ला, नाही जायची! मी उठले की ती हिरव्या चोळीवाली ही साडी उचलती. सकाळपासून डोळा हाय तिचा."

शेवटी मी शपथेवर साडी माझ्या ताब्यात घेतली, तेव्हा कुठे त्या उठल्या. बाहेर आलो आणि थोड्या वेळात मागचे दिवे फट्‌दिशी गेले. कमलम्मा ओरडल्या, "गं बाई, दुकान बंद केलं!" आणि माझ्या हातातली साडी ओढायला लागल्या. मी सरांना सांगितलं, "सेन्सर चांगला आहे. मीच नीट पाहिलं नव्हतं." सर पहिल्यांदाच हसले. म्हणाले, "सही करून मोकळे होणारे पुष्कळ भेटतात. तुम्ही पास."

मला रडूच आलं गं. शेटनी सगळ्यांना लिंबू सरबत पाजलं, हिरव्या चोळीवालीलासुद्धा.

घरी सर्वांना नमस्कार.

तुझी,
पुनम

ता. क. : प्रमाणपत्र दाखवल्यावर बापूंनी नवीन फाटा फोडलाय, की एकटी पोरगी परगावी राहणार नाही. तर तू माझ्याजवळ ये ना नांदेडला. उजेडाची खोली पाहून ठेवलीय. संध्याकाळी गोदावरीच्या घाटावर फिरू. तुझा जन्म सगळा औश्यातच गेला, आता जरा बाहेर पड. स्वयंपाक मी करीन.

ता. क. दुसरा : स्वयंपाक तूच कर.

ता. क. शेवटचा : तू हो म्हणालीस असं मी बापूंना कालच सांगून टाकलंय.