आई अकराव्या मिनिटाला अडकते

सोमवार, ९ जून. सकाळी.
मुलाने आईच्या पंचाहत्तरीची कॅसेट आमच्या कॉम्प्युटरमध्ये उतरवून दिली आणि तो त्याच्या घरी निघून गेला. रविवारी धाकटी बहीण येणार. फिल्मच्या शेवटी आई कॅमेऱ्याकडे बघून माझ्याविषयी बोलली होती. थोरलीमुळे हे घर उभं आहे, असंच काहीसं. आईला जाऊन आठ वर्षं झाली, आणि आठ वर्षं धाकटी म्हणते आहे की आई असं बोललीच नाही. आता तिला आईच सांगेल.
कॉम्प्युटर बारा वर्षांचा, पण नवा दिसतो. त्याच्या डब्याला मी जाड कापडाचं, अस्तर लावलेलं कव्हर शिवलं आहे. बटणापुरती खिडकी, वायरींपुरती फट. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरनी शिकवलेला काजाचा टाका. धुळीचा एक कण आत जाईल तर शपथ.

दुपारी.
आई केक कापायला सुरी उचलते, सुरी हवेतच राहते, आणि एकदम सगळ्यांच्या हातात रिकाम्या प्लेटी. शी.

मंगळवार.
दोष ह्यांच्या कॉम्प्युटरवरच्या पत्त्यांच्या खेळाचा. काढून टाकला. हे म्हणाले, माझ्या पत्त्यांनी तुझी आई कशी काय अडकेल. असल्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही.
फिल्म तशीच उचक्या देते.

बुधवार.
अकराव्या मिनिटाला कॉम्प्युटर आपोआप बंद. तीनदा. हे म्हणाले, थेट शेवटाकडे ढकल की. जन्मदात्या आईला पुढे ढकलायचं. किती वर्षं संसार केला मी ह्या माणसाबरोबर.
सूनबाईचा फोन. म्हणाली, अहो आई, ते कव्हर काढून बघा ना एकदा. हिच्या घरी टोस्टरसुद्धा उघडा पडलेला असतो. म्हटलं, बघते हं. बघणार नाही.

गुरुवार. सकाळी.
डब्यातला पंखा इतका घरघरतो की आईचा आवाजच ऐकू येत नाही. कव्हरला आतून फ्लॅनेलचा आणखी एक थर लावला. आवाज निम्मा. ह्या घरात डोकं कोण चालवतं, ते दिसलंच.

संध्याकाळी.
आता सातव्या मिनिटाला बंद पडतो. यंत्रांची मला मनापासून किळस आली आहे.

शनिवार.
फाइल लहान केली. आईच्या चेहऱ्याचे चौकोन झाले. गालावरची खळी एका चौकोनात बुडाली. लहानपणी ताप आला की मी त्या खळीवर बोट ठेवून झोपायची. लहान केलेली फाइल पुसून टाकली. उद्या मूळचीच लावीन. यंत्राला वेळेची किंमत कळते, पाहुण्यांसमोर नीट चालेल.

रविवार, १५ जून. संध्याकाळी.
सातव्या मिनिटाला बंद.
धाकटी म्हणाली, अगं, एकदा गेली ना आई, आणखी किती वेळा घालवणार आहेस तिला. मग तिने कव्हरवर हात ठेवला, म्हणाली, हे तर इस्त्रीसारखं तापलंय, आणि सरळ ओढून काढलं. शिवण उसवली. आम्ही चहा घेईपर्यंत डबा निवला.
मग फिल्म पाण्यासारखी वाहिली. मी सांगितलं की आठवडाभराच्या माझ्या मेहनतीचं फळ आहे. हे छताकडे बघत होते.
फिल्म नीट चालली की सगळंच नीट दिसतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. केक कापताना माझी पाठ. भेटवस्तू देताना माझी पाठ. मी कोणाला तरी प्लेटी मोजून देते आहे. अगदी शेवटी, चौदाव्या मिनिटाला, मागून आई डोकावली, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि स्वच्छ म्हणाली, थोरले, बाजूला हो गं, माझ्या वाढदिवसाला सगळी तूच दिसते आहेस.
फिल्ममधले सगळे हसले. आई सर्वात जास्त. खोलीत कोणी हसलं नाही.
मला वाटलं, धाकटी आता आठ वर्षांचं एकदम वसूल करेल. तिने माउस घेतला आणि आईचं हसणं परत लावलं. मग परत. खळी स्पष्ट दिसत होती. पाचव्या वेळी मी खुर्ची थोडी बाजूला घेतली, तिला नीट दिसावं म्हणून.
ह्यांचे पत्ते परत कसे टाकायचे, ते सूनबाईला विचारायला हवं. कव्हर धुवायला टाकलं आहे. तिच्या टोस्टरला बसेल.