मागच्या खोलीतली शिष्या

इंदूर
९ जुलै २०२३

तीर्थरूप ताईस,
सा. न. वि. वि.

कालचा कार्यक्रम बरा झाला. मारवा रागानं सुरुवातीला त्रास दिला, पण लोक उठेनात, शेवटी दोन भजनं गाऊन सुटका करून घेतली. ज्यांच्याकडे उतरलो आहे ते सकाळ-संध्याकाळ पोहे-जिलेबी समोर ठेवतात. हे पत्र नव्या फाउंटन पेनानं लिहितो आहे. दौऱ्यावर फोन बाळगायचा नाही असं मी ठरवलं आहे, कार्यक्रमांचं बोलणं मॅनेजर बघतो. घरच्यांशी यापुढे पत्रानंच बोलायचं. तू हसशील. हस.

आता मुद्द्याचं. गेल्या महिन्यात रामटेकला एका शाळेच्या समारंभात गायलो, तिथं स्वागतगीत म्हणणारी एक मुलगी ऐकली. दीक्षा तिचं नाव, वय एकोणीस, त्याच शाळेत शिकलेली. वडील धोंडबा, दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत राबतात. ताई, असा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. तार षड्जावर जाते आणि तिथंच घर असल्यासारखी राहते. मी तिथल्या तिथं ठरवलं, ही आपल्याकडे राहून शिकेल. तिचा सरकारी नर्सिंग कॉलेजात नंबर लागला होता. बाप म्हणत होता, की साहेब, नोकरीची गोष्ट आहे. मी त्याला म्हटलं, की बाबा, सुया टोचायला हजार जणी मिळतील, हा गळा एकच आहे. दोन दिवस लागले, पण मान्य झाला. कॉलेजची जागा तिनं सोडली.

ती पंधरवड्यात येईल. मागची खोली रिकामी करून दे. गणपती आटोपले की मी येऊन शिकवायला बसतो.

तुझा राग आणि लोभ, मला दोन्ही चालतात. त्यातला लोभ जरा जास्त असू दे.

तुझा,
गिरिधर


रामदासपेठ, नागपूर
२६ जुलै २०२३

चि. गिरिधर यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र आणि तुझी शिष्या, दोन्ही पोचली. पत्र आधी पोचलं हे माझं नशीब. मागची खोली रिकामी करणं म्हणजे काय हे तू कधी पाहिलंस? तुझ्या मधमाश्यांच्या दोन पेट्या, कुंभाराचं चाक, मातीची पोती आणि ती मोडकी दुर्बीण. मधमाश्या शेजारच्या कुसुमताईंना चावल्या तेव्हा माफी मागायला मी गेले होते, तू लखनौला होतास. निवृत्त झाल्यावर नुसतं बसून राहायचं मी ठरवलं होतं, पण धाकटा भाऊ गवई असला की कसलं बसणं. आता तू मुलगी पाठवलीस. हिला निदान डंख नाही.

बापासोबत आली. त्यानं तांदळाचं गाठोडं माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाला, की बाई, पोरगी तुमच्या पदरात टाकून राहिलो. मी म्हटलं, पदर लहान आहे गा, पण बघू. मुलगी स्वच्छ आहे, ते मी आधी पाहून घेतलं. मी काही जुन्या वळणाची नाही, तुला ठाऊक आहे. स्वयंपाकघरात सगळीकडे वावरू देते. देवघराचं तेवढं समजावून सांगितलं. तिला वाईट वाटलेलं दिसलं नाही. म्हणाली, आमच्याकडे देव नसतातच. साधेपणानं म्हणाली की उलट उत्तर दिलं, मला अजून कळलेलं नाही.

पहाटे उठून गाते. पहिले काही दिवस डोकं उठलं, आता कान तिकडे लागतात, हे खरं. पण तू येईपर्यंत दिवसभर ती करणार काय? म्हणून भाजी निवडणं, गच्चीवर कपडे वाळत घालणं असं काहीबाही सांगते. माझे गुडघे आता जिना चढत नाहीत.

गळा जप. माझे आशीर्वाद न मागता मिळतात, म्हणून ते हलके समजू नकोस.

तुझी,
प्रेमलता


रामदासपेठ, नागपूर
१४ डिसेंबर २०२३

आदरणीय गुरुजींना,
सविनय नमस्कार, वि. वि.

तुम्ही दिवाळीत आले आणि आठवडाभर शिकवलं, तेव्हापासून मी यमनच करून राहिली आहे. तुम्ही म्हणाले होते, की निषादावर घाई नको. आता घाई होत नाही. ताई विचारतात, काहून वं, रोज तोच तोच राग? मी म्हणते, गुरुजी येईपर्यंत दुसरा नाही.

तुम्ही म्हणाले होते, की जानेवारीत पुन्हा बसू आणि रायपूरच्या कार्यक्रमाला मला तानपुऱ्यावर नेऊ. तारीख कळवाल तर बाबांले सांगीन. त्यांना बघायला यायचं आहे. पौर्णिमेला गावी गेली होती तर विहारात वंदना झाल्यावर सगळ्यांनी गायला लावलं. बाबा मागं बसून डोळे पुसत होते. आई असती तर बरं झालं असतं, असं मले तेव्हा वाटलं.

ताईंचे गुडघे थंडीनं जास्तच दुखतात. मी सकाळ-संध्याकाळ तेल लावून देते, अंघोळीलाही धरावं लागते. त्याचं मले काही नाही. पण तेलाच्या हातानं तानपुरा घेता येत नाही, त्यात वेळ जाते. माझ्या मैत्रिणी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहेत. कधी बर्डीच्या बाजारात युनिफॉर्ममध्ये भेटतात. मी त्यांना सांगते, की मी गाणं शिकून राहिली.

चुकलं तर खूप रागवा, पण ध्यानात ठेवा, एवढंच मागणं आहे.

आपली शिष्या,
दीक्षा


कोलकाता
६ मे २०२४

तीर्थरूप ताईस,
सा. न. वि. वि.

चार महिन्यांत पत्र नाही म्हणून तू चिडली असशील. रायपूर, भिलाई, बनारस, पाटणा अशी रांगच लागली. इथं एका गल्लीत एक म्हातारा घड्याळजी भेटला आणि मी कामातून गेलो. रोज दुपारी त्याच्या दुकानात बसतो. जुनं भिंतीवरचं घड्याळ उघडलंस तर आत जे काही चाललेलं असतं, त्यापुढे आमची लयकारी म्हणजे पोरखेळ. तीन घड्याळं घेतली आहेत. पार्सलनं पाठवतो, जपून उतरवून घे.

दीक्षाचं म्हणशील, तर मी विचार केला. मुलगी गुणी आहे, पण मैफलीचं गाणं म्हणजे शाळेतलं स्वागतगीत नव्हे. तिच्या आवाजाला मर्यादा आहे. तिला तू सांग, बाईनं सांगितलेलं बरं. नर्सिंगचे अर्ज याच महिन्यात निघतात म्हणे, तेव्हा एका वर्षापलीकडे तिचं नुकसान नाही. जुलैपर्यंत मागची खोली मोकळी झाली तर घड्याळं तिथं लावता येतील.

बाकी क्षेम. धाकट्यावरची माया कमी करू नकोस, एवढं मागतो.

तुझा,
गिरिधर


रामदासपेठ, नागपूर
२१ मे २०२४

चि. गिरिधर यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

घड्याळं पोचली. दीक्षानं स्टुलावर चढून लावली आणि आता तीच त्यांना किल्ली देते.

तिला मी काही सांगितलेलं नाही, इतक्यात सांगणारही नाही. पुढच्या महिन्यात माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आहे. डॉक्टर म्हणतात, त्यानंतर दोन-तीन महिने रात्रंदिवस माणूस लागेल. तू येणार आहेस का? तुझा तर विलायतेचा दौरा आहे. बाहेरची बाई ठेवली तर ती कशी निघेल, कोण जाणे. माझा पाय कुठं धरला की दुखत नाही, ते या पोरीला न सांगता कळतं. नर्सच व्हायचं होतं ना तिला? इथं होईल.

परवा तिनं पेपरातली नर्सिंगची जाहिरात माझ्यापुढं धरली आणि विचारलं, की ताई, गुरुजींचं काही कळेना, फॉर्म भरून ठेवू का? मी म्हटलं, गुरूवर इतका अविश्वास? लाजली बिचारी, पेपर घडी करून ठेवून दिला. मग मीच म्हटलं, गुरुजी पत्रात तुझ्याबद्दल चांगलं लिहितात. त्यात खोटं काही नाही, तू गुणी म्हटलंच आहेस. त्या दिवशी तिनं गात गात सगळं घर पुसलं.

परदेशात थंड काही पिऊ नकोस. मोठ्या बहिणीची आठवण काम पडल्यावरच येऊ नये, असा माझा आशीर्वाद आहे.

तुझी,
प्रेमलता


लेस्टर
३० जून २०२४

तीर्थरूप ताईस,
सा. न. वि. वि.

ऑपरेशन नीट झाल्याचं मॅनेजरकडून कळलं. जिवात जीव आला. दीक्षाचं तू केलंस ते ठीकच केलंस, मलाही इथं निर्धास्त गाता येतं. तिला माझा आशीर्वाद सांग. षड्ज पक्का कर म्हणावं, म्हणजे ती कामात राहील.

भाऊ दूर आहे, माया दूर जाऊ देऊ नकोस.

तुझा,
गिरिधर


रामदासपेठ, नागपूर
८ सप्टेंबर २०२४

आदरणीय गुरुजींना,
सविनय नमस्कार, वि. वि.

ताई आता काठी घेऊन फाटकापर्यंत चालतात. डॉक्टरांनी मला विचारलं, की तू कोणत्या कॉलेजची? मी सांगितलं, की मी यांच्याकडे गाणं शिकते. ते हसले.

मागच्या आठवड्यात तुमचा सिव्हिल लाइन्सला कार्यक्रम झाला, तो मले दुसऱ्या दिवशी पेपरात दिसला. तुम्ही हॉटेलात उतरले होते. ताई म्हणाल्या, की ते घाईत होते, मला भेटून गेले, तू तेव्हा औषधं आणायला गेली होतीस. दिवाळीपासून तुम्ही मले एकदाही शिकवलं नाही. यमन करून करून मले आता कळतच नाही, की तो बरोबर आहे का नाही.

गुरुजी, एकच विचारते. माझ्या गळ्यात गाणं आहे का नाही, ते खरं सांगा. नसेल तर मी दुसरं काही पाहीन. याही वर्षीचे नर्सिंगचे फॉर्म गेले. बाबा अजून बांधीवर सगळ्यांले सांगतात, की माझी पोरगी मोठी गायिका होऊन राहिली. ते ऐकून मले आजकाल भीती वाटते.

उत्तर पाठवाल एवढी कृपा करा, जास्त काही मागत नाही.

आपली,
दीक्षा


पुणे
२ ऑक्टोबर २०२४

चि. दीक्षा हीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर छान आहे. पत्र वाचून मात्र नवल वाटलं. तुझा आवाज मैफलीचा नाही, तू नर्सिंगचा अर्ज भरावास, हे मी मे महिन्यातच ताईला कळवलं होतं. तिनं सांगितलं नाही का? ऑपरेशनच्या गडबडीत राहून गेलं असेल. तिच्यावर राग धरू नकोस, वयानं विसर पडतो.

तू खरं विचारलंस म्हणून खरं लिहितो. नाही. गाणं सगळ्यांसाठी नसतं. तुझ्यासारखी सेवाभावी मुलगी दवाखान्यात शोभेल. शिकलेलं वाया जात नाही, रोग्यांपुढं गुणगुणत जा.

गावी जाणार असशील तर घड्याळांना किल्ली देऊन जा. ताईचा हात तिथवर पोचत नाही.

तुझं बरं व्हावं, अशीच माझी नेहमी इच्छा राहील.

तुझा हितचिंतक,
गिरिधर


रामदासपेठ, नागपूर
२५ नोव्हेंबर २०२४

चि. गिरिधर यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू तिला परस्पर लिहिलंस, ते मला विचारून लिहायचं होतंस. तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती गेली. सकाळी मला अंघोळ घातली, गुडघ्याला पट्टा बांधला, वरण-भात झाकून ठेवला आणि मग पिशवी घेऊन समोर उभी राहिली. तिनं एवढंच विचारलं, की ताई, मे महिन्यात पत्र आलं होतं का? मी म्हटलं, गिरिधरची पत्रं येतच असतात. ती बरं म्हणाली आणि गेली. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर दोन बायका ठेवल्या, दोन्ही टिकल्या नाहीत. डाव्या गुडघ्याचंही ऑपरेशन करावं लागणार आहे. म्हणून परवा टॅक्सी करून मी रामटेकला गेले, तिला परत आणायला. धोंडबानं मला घरातल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसवलं. ती तिथल्या एका दवाखान्यात आया म्हणून लागली आहे. नर्स नव्हे, आया. नुकतीच कामाची पाळी संपवून आली होती. चहा तिनंच केला. मी म्हटलं, चल, मागची खोली तुझीच आहे. ती म्हणाली, की नाही ताई.

मग धोंडबा म्हणाला, की बाई, मले एकच सांगून जा. साहेब पहिले म्हणाले, असा गळा दुसरा नाही. मग म्हणाले, गळाच नाही. तुम्ही तिले रोज ऐकलं. दोन्हीतलं खरं कोणतं? पोर समोर तांदूळ निवडत बसली होती, तिचा हात थांबला.

गिरिधर, मी तिला वर्षभर रोज पहाटे ऐकलं आहे. तिचा निषाद लागला की अंथरुणात माझ्या हातातली जपमाळ थांबायची. तिथं बसल्या बसल्या मला ते आठवलं. पण पहिलं खरं म्हटलं असतं, तर तू खोटा ठरला असतास, आणि मग मे महिन्याचा विषय पुन्हा निघाला असता. मी म्हटलं, दुसरं खरं. धोंडबानं हात जोडले. म्हणाला, की बरं झालं बाई, तुम्ही सांगितलं, आम्हाले त्यातलं काय समजते. ती उठली, माझा कप उचलला आणि धुवायला घेऊन गेली. मी निघेपर्यंत बाहेर आली नाही.

टॅक्सीपाशी तिची शेजारीण कौसल्या भेटली. ती सांगत होती, की दीक्षा आता विहारातही गात नाही. लोक आग्रह करतात, तर म्हणते, मले येत नाही.

तुझा मान मी राखला, एवढं ध्यानात ठेव आणि डाव्या पायाच्या वेळी तरी ये.

तुझी,
प्रेमलता


धारवाड
९ डिसेंबर २०२४

तीर्थरूप ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र कालच्या मैफलीआधी मिळालं, पण मैफल छान झाली. इथला पेढा पाठवतो आहे, कुसुमताईंनाही दे. डाव्या पायाच्या वेळी मी नक्की यायचा प्रयत्न करतो, फेब्रुवारीत मात्र जमणार नाही. एखाद्या चांगल्या संस्थेकडून नर्स मागवून घे, मॅनेजर बघेल. घड्याळं कुणाला हवी असतील तर देऊन टाक, मला आता त्यांत फारसं काही वाटत नाही.

रामटेकला तू बोललीस ते योग्यच बोललीस. तू घरची आहेस म्हणून तुला सांगतो, तिच्या आवाजात खोट नव्हती. मी इंदूरहून लिहिलं होतं ते अक्षर न् अक्षर खरं होतं. दिवाळीच्या त्या आठवड्यात तर तिनं मला दोनदा गप्प केलं. पण रोज समोर बसून तेच ते शिकवायचं, तिनं वाट बघायची, मी तारखा द्यायच्या, याचा मला कंटाळा आला. त्यापलीकडे काही नव्हतं. आता ती गात नाही म्हणतेस, म्हणजे प्रश्नच मिटला.

हे कुणापाशी बोलू नकोस. तू बोलणार नाहीस, हे मला माहीत आहे. आपल्या दोघांतला लोभ असाच घरातल्या घरात राहो.

तुझा,
गिरिधर