शेपटीवाला

आई, मला भीती वाटतेय. हसशील तू. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेली बाई मी, आणि आज शेजारणीने "लेक कशी आहे?" विचारलं, तर "बरी आहे" एवढंच म्हणून दार लोटून घेतलं. तुझी नात तिकडे बुडापेस्टला सातव्या महिन्यात आहे. रत्नागिरीत माझ्याखेरीज हे कुणालाही माहीत नाही. आधीच्या दोन्ही खेपांना मीच गावभर सांगत सुटले होते. पहिल्या वेळी तर गणपतीपुळ्याला जाऊन नवस बोलले, येताना आळीत पेढे वाटले. दोन्ही वेळा पदरात काही पडलं नाही. डॉक्टरांनी कारण सांगितलं, मला ते समजलंही. तरी मनातून मी माझ्या तोंडालाच दोष देते.

परवा जावई व्हिडिओ कॉलवर होता. तो हंगेरीचा, आडनाव फॉर्कॉश. लग्नात आत्या म्हणाली होती, "ह्यां आडनाव की खोकला गो?" मी सहज विचारलं, बाळाला लागणार ते आडनाव, त्याचा अर्थ तरी काय? "लांडगा," तो म्हणाला. माझा चेहरा बघून लेक हसायला लागली. मग त्याने नीट सांगितलं. त्या शब्दाचा मूळ अर्थ शेपटीवाला. त्यांचे जुने लोक लांडग्याचं खरं नाव उच्चारत नसत. नाव घेतलं की तो दारात येतो म्हणायचे. म्हणून नुसतं शेपटीवाला. पुढे माणसांनाही ते नाव ठेवायला लागले, त्याचंच आडनाव झालं. खरं नाव काय होतं ते आता कुणालाच ठाऊक नाही, म्हणाला.

मला एकदम तू दिसलीस. मी सात वर्षांची आहे. चुलीमागच्या नारळाच्या सोडणांच्या ढिगात काहीतरी सळसळतं आणि मी "साप, साप" ओरडते. तू आधी माझ्या पाठीत धपाटा घालतेस, मग काठी शोधतेस. "गप मेल्ये! नाव घेव नको त्याचां. लांबडां म्हण." कॉलेजात गेल्यावर यावरून मी तुला किती छळलं! त्याला कान नसतात, म्हणून भांडले. तू एवढंच म्हणालीस, "तुला पोर झालां की कळंल."

पोर झाल्यावरही नाही कळलं. आता कळतंय. इतक्या लांबच्या, बर्फातल्या माणसांची भीती आपल्यासारखीच निघाली, याचा खरं तर आधार वाटायला हवा. मला धडकीच भरली. नाव टाकून, एवढं जपूनसुद्धा लांडगा यायचा तेव्हा येतच असणार ना?

फोन ठेवताना लेकीने विचारलं, "आई, मुलगी झाली तर नाव काय ठेवू? तुझ्या मनात आहे का काही?" मी म्हटलं, "छे, अजून काहीच नाही." खोटं बोलले. नाव कधीच ठरलंय, तुझंच. हे पत्र कुठे जायचं नाही, कुणी वाचायचं नाही. तरी ते नाव इथे लिहायला हात धजत नाही.