चाळीस सेकंदांची मर्यादा

८ मार्च, शनिवार. सकाळी १०.२०
निर्णय झाला. आईसाठी मिनी पीसी मागवला. कुठल्याशा अनोळखी कंपनीचा, सगळ्यात स्वस्त, आठ जीबी रॅमचा. रॅम काढून सोळाची मीच घालणार. दादाचा फोन आला होता, म्हणाला स्वतःचा लॅपटॉप आणून देतो. नको म्हटलं. घरात इंजिनिअर असताना उसनवारी कशाला.

परिस्थिती नोंदवून ठेवते. आई तेवीस वर्षं रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात डॉक्टरांनी सांगितलेले रिपोर्ट ऐकून टाइप करते. आता विभाग बंद होतो आहे. सतरा तारखेला अकरा वाजता ऑनलाइन चाचणी. पास झालेल्यांना घरून काम, बाकीच्यांना महिनाअखेरीस नमस्कार. चाचणीच्या सॉफ्टवेअरला सोळा जीबी लागतात. आमचा जुना कम्प्युटर ते उघडतानाच मान टाकतो.

हातात नऊ दिवस. काम वीस मिनिटांचं. काळजीचं कारण नाही.

१० मार्च, सोमवार
मशीन आलं. जेवणाच्या डब्याएवढं आहे. आईने उलटसुलट करून पाहिलं आणि बाकीचं कधी येणार विचारलं. एवढंच असतं म्हटल्यावर तिने ते फार जपून खाली ठेवलं. ते मला आवडलं नाही. यंत्राला इतकं जपायचं नसतं.

लावून पाहिलं, व्यवस्थित सुरू झालं. रॅम उद्या.

११ मार्च, मंगळवार
आज उघडलं नाही. हवेत आर्द्रता फक्त ३१ टक्के. कोरड्या हवेत बोटांतून स्थिर वीज उतरते, चिप जळू शकते. कारण शास्त्रीय आहे.

उद्या नक्की.

१२ मार्च, बुधवार. संध्याकाळी ६.४५
उघडलं. चार स्क्रू, प्रत्येकाचा फोटो, प्रत्येकासाठी वेगळी वाटी. स्क्रूड्रायव्हर फारच हलका असल्यामुळे हातात थरथरतो. नाडी ११२. ऑफिसातल्या कॉफीचा परिणाम.

नवी रॅम बसली. खट् आवाज आला. बटण दाबलं. दिवा लागला, पंखा फिरला. स्क्रीन काळी.

लॅबमध्ये माझा नियम साधा आहे. उपकरणाने चाळीस सेकंदांत प्रतिसाद दिला नाही तर ते नापास. तपासणीला आलेल्या दुसऱ्यांच्या तराजूंना मी याच नियमाने परत पाठवते. चाळीस सेकंद मोजले, वीज बंद केली. पुन्हा. असं सहा वेळा. सहाही वेळा काळी.

काळजीचं कारण नाही. माहिती गोळा होते आहे.

१३ मार्च, गुरुवार
नवी रॅम काढून जुनी परत घातली. सोमवारी हीच होती, हिच्यावर मशीन चाललं होतं. चाळीस सेकंद. काळी.

म्हणजे सोमवारी जे चालत होतं तेही आता चालत नाही. याचा अर्थ काय हे लिहायची गरज नाही.

जेवताना आईने विचारलं, कुठवर आलं. नव्वद टक्के, म्हटलं. उरलेले दहा कोणते ते तिने विचारलं नाही. पानातली भाजी मी खाल्ली की नाही एवढंच तिने पाहिलं.

ती आतल्या खोलीत जुन्या कम्प्युटरवर सराव करते. कानात डॉक्टरांचा आवाज, डोळे मिटलेले, बोटं चालू. मध्येच थांबते. थांबली की मीही थांबते. पुन्हा टकटक सुरू झाली की मगच श्वास घेते. हा केवळ योगायोग.

१४ मार्च, शुक्रवार
मशीन ज्याच्याकडून मागवलं त्या दुकानदाराकडे अर्धा दिवस रजा टाकून गेले. मी कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे उपकरणांची अचूकता तपासायच्या कामात आहे हे आधीच सांगितलं, म्हणजे त्याने मला फसवू नये. तो शटर ओढत होता. म्हणाला, मॅडम, आता सोमवारीच. किती वाजता उघडता विचारलं. अकरा, म्हणाला.

बसस्टॉपवर बसले. दोन बस सोडल्या. गर्दी होती. दुसरीत नव्हती.

घरी आल्यावर आईला म्हटलं, ऑफिसमध्ये उशीर झाला. ती दादाशी फोनवर बोलत होती. मला पाहून फोन ठेवला. बहुतेक बॅटरी संपली.

१५ मार्च, शनिवार
एकूण प्रयत्न ३१. तक्ता केला: रॅम, स्लॉट, केबल, मॉनिटर, सेकंद, निष्कर्ष. निष्कर्षाच्या रकान्यात सगळीकडे काळी. एकतिसाव्या वेळी नुसतं 'का' लिहिलं. कंटाळ्यामुळे.

दुपारी आई चहा घेऊन आली. वाट्यांमधले स्क्रू पाहिले. म्हणाली, "नाही जमलं तर नाही जमलं गं. तेवीस वर्षं झाली की."

चाचणी जमण्याबद्दल बोलत होती की मशीनबद्दल, विचारलं नाही. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि उभी राहिले. नळ ठीक आहे.

१६ मार्च, रविवार. दुपारी ४.१०
उद्याची योजना.
अ: सकाळी सातला नवी रॅम, नव्या हातांनी. म्हणजे विश्रांती घेतलेल्या.
ब: ऑफिसचा लॅपटॉप. त्यात बाहेरचं सॉफ्टवेअर चालत नाही, पण विचार करायला हरकत नाही.
क: दादा. याची वेळ येणार नाही.

दादाला लावायला दोनदा फोन उचलला, ठेवला. झोपला असेल. शिवाय त्याला सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की चालू मशीन मी बंद पाडलं, आणि आईची नोकरी त्याच्यात अडकली आहे? आधी मलाच ते नीट म्हणून पाहायला हवं. म्हणून पाहिलं. आवाज बरोबर येत नाही. घसा बसलाय.

१७ मार्च, सोमवार
सात वाजता नवी रॅम घातली. चाळीस सेकंद. काळी. बंद.

मागे वळले तर आई दारात, साडी नेसून, खांद्याला पर्स. दादाकडे निघाली होती. त्याने शुक्रवारीच लॅपटॉपवर सॉफ्टवेअर टाकून, चालवून ठेवलं होतं. मला का नाही सांगितलं, असं मी विचारलं. आवाज चढला असावा.

"तू इतकी घाबरली होतीस," ती म्हणाली, "तुला अजून काय घाबरवायचं?"

मी घाबरले नव्हते असं मी म्हणणार होते. तिने माझ्या केसांवरून हात फिरवला आणि ती गेली.

९.०५ ला पुन्हा बटण दाबलं, का ते माहीत नाही. मोजायला घेतलं तेव्हा डोळ्यांत काहीतरी गेलं. तोंड धुवायला गेले. बराच वेळ धुतलं. परत आले तर स्क्रीन चालू. सोळा जीबी. ९.१४.

मग शोधलं. रॅम बदलली की हे मशीन पहिल्यांदा स्वतःच तिची तपासणी करतं. सहा-सात मिनिटं स्क्रीन काळी राहते. मध्येच वीज तोडली की पहिल्यापासून. जुनी परत घातली तरी तेच. मी ते बत्तीस वेळा पहिल्यापासून करायला लावलं.

दादाला फोन केला नाही. आई तोवर बसमधून उतरली असेल.

दीडला तिचा फोन आला. पास. निकाल लगेच स्क्रीनवरच आला. पहिल्या तारखेपासून घरून काम. दादाने लॅपटॉप तिला देऊन टाकला. मी बरं म्हटलं. भिंतीला टेकून खाली बसले होते, ते तिला दिसत नव्हतं.

मग तिने विचारलं, तुझं मशीन लागलं का. लागलं, म्हटलं.

"मग इतके दिवस काय झालं होतं त्याला?"

"काही नाही. त्याला वेळ लागत होता."

"मग द्यायचा ना," आई म्हणाली.